पारोळ्याच्या पुढे

जानेवारीतला दुसरा रविवार. वेळ सकाळी साडेअकरा, उपासना सुटल्यावर. ठिकाण: जळगाव, धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीतलं काटेदुरुस्तीचं दुकान. हजर: भाऊंची मुलगी, धुळ्याहून आलेली, आमचे पाळकसाहेब, शेजारचे रेडिमेड कपड्यांचे शेठजी, आणि मी, मंडळीची सेक्रेटरी, हातात यादी. गैरहजर: भाऊ.

काम: दुकान रिकामं करणं. यादीत आठ ओळी होत्या.

काउंटरवरचा इलेक्ट्रॉनिक काटा कुणीतरी चालू केला होता. मी पहिली ओळ वाचायला तोंड उघडलं, तोच शेठजींनी डावा हात वर केला, उजव्या हाताच्या एका बोटानं काट्याच्या ताटलीला हलकेच टिचकी मारली आणि नाचणाऱ्या आकड्यांकडे मान तिरकी करून पाहत म्हणाले, "आधी काटा थांबू द्या, मग बोला."

हुबेहूब. आम्ही सगळे हसलो. मुलगी सर्वांत शेवटी हसली आणि लगेच पाठ फिरवून फळीवरचे डबे उतरवायला लागली.

ते भाऊंचं वाक्य. तुम्ही चहा घेता का विचारा, पाऊस कधी पडेल विचारा, आधी टिचकी, मग वर केलेला हात, मग हे वाक्य. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो सगळ्या जगाला थांबायला सांगतो आणि स्वतः एका जागी उभा राहू शकत नाही. भाऊ पावती लिहिता लिहिता दुकानाबाहेर जायचे आणि बाहेरून ओरडून तारीख विचारायचे. अंगानं उंच, काटकुळे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पितळी चिमटा असायचा. सोनारांची बारीक वजनं उचलायला तो लागतो. बोटाच्या घामानंही ती बिघडतात, असं ते सांगत.

आणि राग. गाव शिंदखेड्याकडचं. शांत असले की आमच्यासारखं बोलत. डोकं तापलं की अहिराणी सुरू. गल्लीत त्यांच्या भाषेवरूनच हवामान कळायचं. भाऊंच्या दुकानातून "तुले समजत नही का?" ऐकू आलं की शेठजी आपल्या गिऱ्हाइकाला सांगत, "तुम्ही आत या जरा. बाहेर ऊन वाढलं."

माझी त्यांची ओळख चर्चमधली जुनी, पण खरी जवळीक झाली ती तांदळामुळे. मी शाळेत मुख्य लिपिक. मुलांच्या पोषण आहाराचा तांदूळ येतो, तो मोजून घ्यावा लागतो. तो काटा तपासायला वर्षातून एकदा भाऊ येत. माझ्या टेबलावरच्या याद्या पाहून एकदा त्यांनी विचारलं, "ताई, माणूस दुरुस्त करायची यादी असते का हो तुमच्याकडे?"

मला थट्टा वाटली. "असते की. कोणता माणूस?"

"हा," म्हणाले, आणि स्वतःच्या छातीवर टिचकी मारली.

थट्टा नव्हती. हे मला कळायला हवं होतं, कारण जे घडलं तेव्हा मी तिथे होते. त्याच्या वर्षभर आधी त्यांची बायको गेली होती. आजार दोन दिवसांचा. मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकत होती, परीक्षा चालू होती, ती पोहोचली तेव्हा सगळं संपलेलं. दफनभूमीत, पन्नास माणसांसमोर, भाऊ तिच्यावर ओरडले, "बठ्ठ्या जगले, साऱ्या जगले पाणी पाजशी तू! मायले पाजाले येळ नव्हता तुले?"

माझ्या हातात त्या दिवशीही यादी होती. फुलं कुणी आणायची, गाड्या किती. ती यादी धरून मी पाहत राहिले. मुलीनं मूठभर माती टाकली, हात झटकले नाहीत, तशीच बसस्टँडकडे चालत गेली. त्यानंतर ती जळगावला आली नाही आणि भाऊ धुळ्याला गेले नाहीत.

"मला जायचं आहे ताई," त्या दिवशी तांदळाच्या पोत्याजवळ उभं राहून ते म्हणाले. "पण असा कसा जाऊ? पुन्हा काही बोललो तर? आधी मी सरळ होतो. मग जातो."

मला हे फार पटलं. कामाचा क्रम बरोबर होता. मी कपाटातून नवी वही काढली, रेघा मारल्या. उभ्या रकान्यात वार. आडव्या ओळीत: राग, टोचून बोलणं, अबोला, घाई, प्रार्थना चुकवणं. चुकलं तर फुली, जमलं तर टिक. सलग चाळीस दिवस एकही फुली नाही, की धुळ्याची गाडी पकडायची. चाळीस आकडा मी सुचवला. मला तो शास्त्रातला, म्हणजे बायबलातला वाटला.

भाऊ वही घेऊन एखादं औषध मिळाल्यासारखे गेले.

ती वही पाच वर्षं चालली. संपली की मी दुसरी द्यायचे. आणि खरं सांगते, फरक पडला. पहिल्या महिन्यात पानं फुल्यांनी काळी झाली होती. दोन वर्षांनी आठवड्याला तीन-चार. माणूस मेहनती होता. पहाटे फिरणं सुरू केलं, तिखट सोडलं, कुणीतरी सांगितलं म्हणून राग आला की उलटे आकडे म्हणायचे. शेठजी दारातून ओरडत, "भाऊ, किती झाले?" आतून उत्तर यायचं, "त्रेसष्ट! आणि तुम्ही मध्ये बोलू नका, बासष्ट!"

पण चाळीस कधी होईनात. एकदा छत्तीस झाले. सदतिसाव्या दिवशी पाणी सोडणाऱ्या माणसाशी भांडण झालं.

मग भाऊंनी नियम जरा सैल केला. चाळीस नाही झाले तरी चालेल, ज्या दिवशी सकाळ चांगली गेली त्या दिवशी निघायचं. निघायचेही. धुतलेला शर्ट, पिशवीत यावलकडची केळी, कारण मुलीला ती आवडत. धुळ्याची गाडी एरंडोल, पारोळा करत जाते. एरंडोलच्या पुढे गाडीत काहीतरी व्हायचंच. कुणी त्यांच्या पिशवीवर पाय ठेवला. कुणी मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावली. ड्रायव्हरनं चहाला जास्त वेळ लावला. भाऊंचा आवाज चढायचा, अहिराणी सुरू व्हायची, आणि मग एकदम शांतता. पारोळ्याला गाडी थांबली की भाऊ उतरायचे, रस्ता ओलांडायचे आणि जळगावची गाडी पकडून परत.

"का परत आलात?" मी विचारायचे.

"आजचा दिवस बाद झाला ताई. घाणेरड्या तोंडानं पोरीच्या दारात कसा जाऊ?"

केळी मग आमच्या ऑफिसात वाटली जायची. शेठजी विचारत, "भाऊ, पारोळ्यात दुसरं घर केलं का?" भाऊंनाही हसू यायचं. मला यायचं नाही, कारण मी मनात हिशेब करत असायचे: पुढच्या वेळी सकाळची पहिली गाडी घ्यावी, गर्दी कमी असते.

प्रभुभोजनाचं तसंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस रांगेतून पुढे सरकतो. भाऊ पुढे सरकवत. घेत नसत. पाळकसाहेबांनी एकदा बाहेर चपला घालताना विचारलं.

"या महिन्यात अकरा फुल्या आहेत," भाऊ म्हणाले.

"भाऊ, हे बक्षीस नाही हो. जेवण आहे. उपाशी माणसानं घ्यायचं."

"बरोबर आहे साहेब. पण आधी जरा सरळ होऊ द्या."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वही मी दिली आहे हे त्यांना ठाऊक होतं.

शेठजींचाही एक प्रसंग सांगते. त्यांच्यात पर्युषण संपलं की ओळखीच्या प्रत्येकाला हात जोडून क्षमा मागतात. ते दरवर्षी भाऊंच्या दुकानात यायचे. "वर्षभरात माझ्याकडून काही दुखावलं असेल तर माफ करा." भाऊ गडबडून जायचे. काट्याला टिचकी मारायचे. शेवटी म्हणायचे, "शेठजी, तुम्ही पुढे आहात. माझी अजून तयारी चालू आहे."

"तयारी? हात तर दोन्ही आहेत तुमच्याकडे," शेठजी म्हणायचे आणि हसत निघून जायचे.

आता माझी गोष्ट, कारण ती लपवून हे लिहिणं बरोबर होणार नाही. दर नाताळात मुलीचा मला फोन यायचा. भाऊंना करायची नाही, मला करायची. "बाबा बरे आहेत ना? अजून रागावलेत का माझ्यावर?"

मी सांगायचे, "सुधारतायत गं. खूप फरक आहे."

 ती "बरं" म्हणून फोन ठेवायची. मी फोन झाला म्हणून यादीत टिक करायचे. ती काय विचारत होती आणि मी काय उत्तर देत होते, हे पाच नाताळांत मला एकदाही कळलं नाही.

सहाव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळेत तांदूळ आला. पावतीवर पन्नास किलो, आमच्या काट्यावर थोडा कमी. प्रत्येक पोतं कमी. मी तशी सोडणारी बाई नाही. वखारीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसऱ्यानंतर वखारीचा माणूस चिडून वजनमापे निरीक्षकांनाच घेऊन आला. मी भाऊंना बोलावून घेतलं. काटा त्यांनी तपासलेला होता; वखारवाल्याची आता कशी जिरते ते पाहायला मी तयार होते.

निरीक्षकांनी आपलं वीस किलोचं वजन काट्यावर ठेवलं. आकडे नाचले, थांबले. वीसला साठ ग्रॅम कमी.

भाऊ म्हणाले, "तुमचं वजन चुकीचं आहे."

निरीक्षक तरुण होते, पण शांत. "माझं वजन वरून तपासून येतं भाऊ. तुमचं आणा बरं."

भाऊंनी आपलं लोखंडी वजन आणलं. लालभडक, चकचकीत. काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. भाऊंनी विजयानं माझ्याकडे पाहिलं, मी वखारवाल्याकडे पाहिलं.

"हे कुणी तपासलं?" निरीक्षकांनी विचारलं.

"मी."

"कशाशी?"

"कशाशी म्हणजे? रोज वापरतो मी ते. रोज पुसतो."

"ते दिसतंय. पण ताडून पाहिलं कशाशी?"

भाऊंनी काट्याला टिचकी मारली. निरीक्षकांनी खिशातून किल्ली काढली आणि वजनाच्या कडेला घासली. लाल पापुद्रा निघाला. त्याखाली हिरवा होता. त्याखाली चंदेरी. त्याखाली पुन्हा लाल, मग निळा, मग काळा. लोखंड कुठेतरी खूप आत.

तुम्हाला माहीत असेल, नाताळ आला की आमच्याकडे रंगरंगोटी असते. चर्च रंगतं, घरं रंगतात, कुंड्यासुद्धा रंगतात. भाऊ आपली वजनंही रंगवत. दरवर्षी एक हात, उरलेल्या रंगाचा. जुनी वजनं कळकट दिसू नयेत म्हणून. तो हिरवा मी लगेच ओळखला. चर्चच्या खिडक्यांचा रंग. उरलेला अर्धा डबा त्या वर्षी मीच त्यांना दिला होता. माझ्याकडे नोंद आहे.

सरकारी शिक्क्याचा खरा संच भाऊंकडे होता. फडक्यात गुंडाळून कपाटात. झिजेल म्हणून तो ते बाहेर काढत नसत, फक्त तपासणीला दाखवत. रोजचं काम या रंगवलेल्या वजनांवर. रंगानं वजन जड झालं आणि त्या जड वजनाला बरोबर मानून त्यांनी बाजारातले काटे जुळवून लावले. निरीक्षक आम्हाला घेऊन गल्लीत फिरले. पाच दुकानांतले पाच काटे पाहिले. सगळे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. सगळे सारखेच चुकीचे.

भाऊ ओरडतील म्हणून मी सावध उभी होते. ते ओरडले नाहीत. परत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसले. हातातला लाल पापुद्रा उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "ताई, तुमची वहीसुद्धा अशीच आहे."

मला राग आला. "वहीचा काय संबंध? वहीनं फायदाच झाला तुम्हाला."

"झाला ना. छान दिसायला लागलो." त्यांनी पापुद्रा पोत्यावर ठेवला. "मीच तोलतो, मीच टिक करतो. कमी पडलं की वरून एक हात मारतो. आत लोखंड तेच, ताई. मी पाच वर्षं पोरीसाठी सरळ होत नव्हतो. तिच्यासमोर उभं राहायला लाज वाटू नये म्हणून रंग देत होतो."

"मग काय, माणसानं सुधरायचंच नाही?" मी म्हणाले.

"सुधरायचं. पण खरं वजन कपाटात ठेवून नाही."

त्या दुपारी त्यांनी फडक्यातला संच बाहेर काढला आणि मला म्हणाले, "यादी करा." त्यांनी लावलेल्या प्रत्येक काट्याची. अठ्ठेचाळीस झाले. ही यादी मी केली, आणि माझ्या हातून झालेल्या याद्यांपैकी एवढीच मला आज धड वाटते. भाऊ दारोदार गेले. "माझ्या हातून चूक झाली. काटा पुन्हा लावून देतो." काहींनी चहा पाजला, काहींनी शिव्या घातल्या. शिव्या घालणाऱ्यांतल्या निम्म्यांना भाऊंनी उलट सुनावलं. सुधारले वगैरे अजिबात नव्हते.

मधे पहिला रविवार आला. माझी जागा त्यांच्या मागच्या रांगेत असते. भाकरीचं ताट आलं. भाऊंचा हात पुढे सरकवायला गेला, सवयीनं, आणि थांबला. त्या आठवड्यात वही उघडलीच नव्हती. उघडली असती तर पान पुरलं नसतं. त्यांनी भाकर घेतली. तुकडा बोटांतून निसटून खाली पडला. त्यांनी वाकून तो उचलला आणि तसाच, धुळीसकट, तोंडात टाकला. पाळकसाहेब पाहत होते. 

अठ्ठेचाळिसावा काटा पारोळ्याला होता, बाजार समितीजवळच्या एका आडत्याकडे. मी ऑफिसात होते, चारच्या सुमारास फोन आला. मागे गाड्यांचे हॉर्न.

"ताई, झालं काम. आडत्या लई बोलला. मीबी बोललो. गाडीतबी भांडण झालं येताना. आज चार फुल्या."

"मग या परत," मी म्हणाले. "जळगावची गाडी असेल आता."

"शे ना. समोरच उभी शे. धुळ्याचीबी उभी शे. मी धुळ्याले जाई राह्यनू."

"आज? असे? भाऊ, निदान उद्या सकाळी, जरा शांत झाल्यावर..."

"शांत झालो की पुन्हा इथंच उतरेन ताई." फोन बंद.

राग उतरला नव्हता, ते भाषेवरूनच कळत होतं. तरी गाडीत चढले. मी पोस्टाची यादी समोर घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत एक ओळ पुढे गेले नाही.

धुळ्याला काय झालं ते भाऊंनी कधी सांगितलं नाही. विचारलं की टिचकी. ते मला आज कळलं, दुकानात, यादीतली पाचवी ओळ चालू असताना. मुलगी खरी वजनं एकेक करून फडक्यात गुंडाळून त्यांच्या पेटीत ठेवत होती. मी न राहवून विचारलं.

"दार उघडलं तर बाबा," ती म्हणाली. "खांद्यावर ही पेटी. केस विस्कटलेले. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी बोलणार. मी म्हटलं, सहा वर्षं, बाबा? तर म्हणाले, सुधारून येणार होतो. नही सुधारनू बेटा. जसा शे तसा उनू."

तिनं फडक्याची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"मी म्हटलं, तुम्हाला सुधारून या असं कुणी सांगितलं होतं? मी फक्त वाट पाहत होते. मला वाटायचं, तुमचा राग गेला नाही. ताई पण म्हणायच्या, सुधारतायत. म्हणजे मला वाटायचं, अजून माफ करायला जमत नाहीये त्यांना."

मी यादीकडे पाहिलं. पाळकसाहेब खिडकीकडे वळले.

"मग?" शेठजींनी विचारलं.

"मग काय. पेटी खाली ठेवली आणि दारातच रडले. पंधरा मिनिटांनी चहावरून भांडण. म्हणे, नर्स असून एवढी साखर घालतेस? मी म्हटलं, मग जा परत. म्हणाले, नही जास! तीन दिवस राहिले." ती हसली, या वेळी सगळ्यांच्या आधी. "माझ्या हॉस्पिटलातला बाळांचा काटा पण तपासून गेले. कुणी सांगितलं नव्हतं."

त्यानंतर भाऊंना एक वर्ष आणि वर थोडे दिवस मिळाले. या वर्षात ते फार बदलले असं कुणी म्हणेल, तर मी कमिटीच्या बैठकीची इतिवृत्तं दाखवीन. खुर्च्या कुणी आणायच्या यावरून ते माझ्यावर असे ओरडले की शेजारच्या घरातली माणसं गच्चीत आली. फरक दुसऱ्या दिवशी सकाळी होता. पूर्वी घरी जाऊन वहीत फुली मारली असती आणि आठवडाभर माझ्या समोर आले नसते. आता नऊ वाजता शाळेच्या गेटवर हजर. "काल ओरडलो. माफ करा." टिचकी नाही, वर केलेला हात नाही. मी काही बोलायच्या आत गेलेसुद्धा.

प्रार्थनाही बदलली. पूर्वी उभे राहून अहवाल वाचल्यासारखी करत: प्रभू, या महिन्यात एवढं झालं, एवढं राहिलं. शेवटच्या वर्षी दोनच वाक्यं असायची. "प्रभू, आजही मी तसाच आहे. तू सोडू नको." एवढं म्हणून बसायचे. सुरुवातीला मला ते अपुरं वाटायचं.

उपदेश करणं माझं काम नाही, त्याला पाळकसाहेब आहेत. पण पाच वर्षं ज्या माणसाला वह्या पुरवल्या, त्याच्याबद्दल एवढं मला सांगावं लागेल. फुल्या कमी करणं वाईट नव्हतं. पण वहीत त्यांना पारोळ्याच्या पुढे नेण्याची ताकद नव्हती. उलट दर वेळी पारोळ्याला उतरवायची ती वहीच. स्वतःला स्वतःशीच तोलणारा माणूस एक तर फुगतो, नाही तर खचतो, आणि भाऊ दोन्ही करून थकले होते. ख्रिस्तानं त्यांना सरळ झाल्यावर ये असं कधी म्हटलंच नव्हतं. तो त्यांना तसंच, वाकड्याला, जेवायला बोलावत होता, महिन्याच्या महिन्याला, आणि हे ताट पुढे सरकवत होते. ज्या दिवशी घेतलं, त्या आठवड्यात धुळं आलं. राग गेला नाही. रागासकट दारात उभं राहायचं बळ आलं. ते वहीतलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, दुकान उघडताना भाऊ गेले. शेठजींनी पाहिलं तेव्हा शटर अर्धं वर होतं, आणि भाऊ पायरीवर बसलेले, डोकं चौकटीला टेकलेलं. शेठजींना वाटलं, चक्क थांबलेत. म्हणून त्यांनी हाक मारायला उशीर केला.

मुलगी दीड तासात आली. ती पारोळ्याला उतरली नाही, हे मला उगाच सुचलं.

तर आज सात ओळी झाल्या. खरा संच दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याला द्यायचा ठरला. काटे ज्याचे त्याला परत. वह्या पाच निघाल्या. मी मागितल्या, मुलीनं दिल्या. रंगवलेली वजनं भाऊंनी वर्षभरात खरवडून लोखंडापर्यंत आणली होती, एक सोडून. ते वीस किलोचं, अर्धं लाल, अर्ध्यात सगळे थर उघडे, काउंटरवरच असायचं. पुरं का करत नाही विचारलं की म्हणत, "पुरं झालं की विसरेन." ते मुलीनं आपल्या पिशवीत घातलं. पिशवीचा बंद तुटला. मग शेठजींनी गोणपाट दिलं.

निघताना ती माझ्या हातातल्या यादीवर वाकली. "ही आठवी ओळ राहिली की. यावल. तिथे बाबांचा काटा होता का?"

"नाही. ती माझी ओळ आहे. चुकून याच कागदावर लिहिली गेली."

"यावलला कोण?"

"बहीण. धाकटी."

ती पाहत राहिली. म्हणून सांगावं लागलं. चार वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी बहिणीला फोनवर तिच्या चुका सांगितल्या होत्या. नऊ. क्रमांक टाकून. तेव्हापासून बोलणं नाही. पत्राचे तीन कच्चे खर्डे तयार आहेत, पण तिसऱ्यातही माझा सूर जरा चढा लागतो, त्यामुळे...

"त्यामुळे आधी काटा थांबू द्यायचाय," मुलगी म्हणाली. तिनं टिचकी मारली नाही. गोणपाटातलं वजन दोन्ही हातांनी उचललं आणि रिक्षात ठेवलं.

आता दुपारचे साडेचार. घरी आहे. खर्डे फाडले. पर्समध्ये रुमाल, पाण्याची बाटली, गुडघ्याची गोळी. प्रार्थना केली, दोन वाक्यांची. तिसरं जोडायचा मोह झाला, ते जोडलं नाही. यावलच्या गाड्या या वेळेला बऱ्याच असतात. भाऊंबद्दल आधी नीट लिहून ठेवावं, मग निघावं, असं ठरवून बसले, आणि एवढं लिहिण्यात त्यातल्या दोन-तीन तरी गेल्या असतील.

आठ. यावल. पुढचा चौकोन रिकामा आहे.